कडाक्याच्या थंडीत सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही, दुपारी मात्र एका सेल्फमध्ये सुरू होतो: इंजिन खोलण्याआधी काय तपासावे?

उगावचा बागायतदार

नमस्कार. माझी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. फवारणीच्या ब्लोअरसाठी मी तीन सिलिंडरचा, साधारण २८ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर वापरतो. तो सुमारे १५ वर्षांचा असून तासमापकावर ५,००० च्या पुढे तास झाले आहेत. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्याची काहीच तक्रार नसते. मात्र डिसेंबर-जानेवारीत, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा सात-आठ अंशांखाली गेल्याची बातमी आली, की त्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर हमखास अडणार असे समजायचे.

लक्षणे अशी आहेत. सेल्फ मारल्यावर इंजिन बऱ्यापैकी फिरते आणि धुराड्यातून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर निघतो, पण इंजिन पेट घेत नाही. बराच वेळ सेल्फ मारल्यावर एखादे सिलिंडर टक-टक करत लागते, मग दुसरे लागते. इंजिन सुरू झाल्यावरही अर्धा-पाऊण मिनिट सगळा ट्रॅक्टर थरथरतो आणि त्यानंतर आवाज एकसारखा होतो. तोच ट्रॅक्टर अकरा-बारा वाजता, उन्हात उभा असताना, किल्ली फिरवताच सुरू होतो. अडचण अशी आहे की भुरीची फवारणी वारा पडलेला असताना पहाटेच करायची असते, दुपारी ट्रॅक्टर सुरू झाला तरी त्याचा उपयोग नसतो.

सेल्फ मारण्याआधी मी किल्ली हीटरच्या खुणेवर पाच-सहा सेकंद धरतो आणि डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा व्यवस्थित लागतो. मेकॅनिकच्या सांगण्यावरून मागच्या हिवाळ्यात नवी बॅटरी घेतली, डिझेल फिल्टर बदलला आणि तिन्ही नोझल पंपवाल्याकडून तपासून घेतले. फरक पडला नाही. आता तोच मेकॅनिक म्हणतो की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर (आतले अस्तर) गेले आहेत, इंजिन उतरवावे लागेल आणि खर्च पन्नास-साठ हजारांच्या घरात जाईल. शेजारी काकडा पेटवून एअर क्लीनरच्या तोंडाशी धरायला सांगतात. हंगामाच्या तोंडावर इंजिन खोलण्याची माझी तयारी नाही. त्याआधी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पिंपळगावचा फिटर

आपण लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे निम्मे काम झालेच आहे. यात सर्वात मोलाची माहिती पांढऱ्या धुराची आहे. सेल्फ मारताना पांढरा धूर येतो याचा अर्थ डिझेल टाकीतून पंपापर्यंत, पंपातून नोझलपर्यंत आणि नोझलमधून सिलिंडरमध्ये पोहोचत आहे. ते जळत नाही, त्याची नुसती वाफ होऊन बाहेर पडते. तेव्हा फिल्टर, फीड पंप, एअर धरणे (नळ्यांत हवा अडकणे) या सगळ्या शक्यता बाजूला ठेवा आणि डिझेल पंपाला तर हातही लावू नका. धूर अजिबात दिसला नसता तर मी याच्या नेमके उलट सांगितले असते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा गेला की तो आपोआप पेटतो. थंडीत तीन गोष्टी या तापण्याच्या आड येतात. आत येणारी हवाच गार असते, सिलिंडरच्या भिंती गार असल्यामुळे दाबलेल्या हवेची उष्णता त्या ओढून घेतात, आणि इंजिन हळू फिरले तर दाब रिंगांजवळून निसटायला जास्त वेळ मिळतो. दुपारी या तिन्ही गोष्टी थोड्या-थोड्या सुधारतात आणि इंजिन सीमारेषेच्या अलीकडे येते. म्हणून केवळ थंडीत अडते एवढ्यावरून रिंगा गेल्या असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे.

आपल्या ट्रॅक्टरला हीटर आहे, म्हणजे ग्लो प्लग (विजेने तापणाऱ्या कांड्या) आहेत. या वर्गातील छोट्या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधल्या एका लहान कोठीत फवारले जाते आणि तेथून ज्योत अरुंद तोंडातून सिलिंडरमध्ये येते. या कोठीच्या भिंती तिच्यातील हवेच्या मानाने मोठ्या असतात आणि थंडीत हवेची उष्णता झपाट्याने शोषतात. त्यामुळे कॉम्प्रेशनचे प्रमाण (हवा किती पट दाबली जाते ते) २० च्या वर ठेवूनही अशा इंजिनाला थंडीत प्लगची मदत लागतेच. शेजाऱ्याचा मोठा ट्रॅक्टर हीटरशिवाय सुरू होतो म्हणून आपलाही व्हावा, हा हिशेब येथे लागू पडत नाही. त्याच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर पडते, त्यामुळे ते १६ ते १८ च्या प्रमाणावरही थंडीत निभावून नेते.

माझा पहिला संशय ग्लो प्लगवर आहे. एक-एक सिलिंडर करत इंजिन लागणे आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात आवाज एकसारखा होणे, हे निकामी प्लगचे अगदी ठरलेले वर्तन आहे. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. बऱ्याच ट्रॅक्टरांत तो दिवा किल्लीवरून निघालेल्या स्वतंत्र वायरवर असतो, त्यामुळे तिन्ही प्लग जळालेले असले तरी तो दिमाखात लागतो.

तपासणी अशी करावी. तिन्ही प्लगांच्या डोक्यांना जोडणारी धातूची पट्टी हेडच्या बाजूला दिसेल. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल वायर पट्टीला लावा, दुसऱ्या माणसाला किल्ली हीटरवर धरायला सांगा आणि व्होल्टेज लिहून घ्या. त्याच वेळी बॅटरीच्या दोन टोकांमधले व्होल्टेजही पाहा. दोहोंत अर्ध्या-पाऊण व्होल्टचा फरक असला तर चालतो, त्याहून जास्त असला तर किल्लीत किंवा वायरीत व्होल्टेज जिरते आहे. नंतर पट्टी काढून प्रत्येक प्लगचे डोके आणि इंजिनाचे अंग यांमधला रोध मोजा. चांगला प्लग एका ओहमच्या आसपास दाखवतो आणि जळालेला प्लग काहीच दाखवत नाही. स्वस्त मीटर एवढ्या लहान आकड्यांत फसवतात, म्हणून आधी मीटरची दोन टोके एकमेकांना लावून काय आकडा येतो ते पाहा आणि तो वजा करा.

प्लग काढायची वेळ आली तर इंजिन कोमट असताना काढा. टोकाला काजळी धरलेला जुना प्लग थंड हेडमध्ये जोराने फिरवला तर तो मोडून आत राहतो आणि मग खरोखरच हेड उतरवावे लागते. प्लग निघालेच तर त्याच छिद्रांतून कॉम्प्रेशनही मोजून घ्या. त्यासाठी प्लगच्या छिद्रात आट्यांनी बसणारा, दाब मोजणारा गेज लागतो, तो कोणत्याही बऱ्या डिझेल पंपाच्या दुकानात मिळेल. या जातीच्या इंजिनांत २८ ते ३२ बारच्या आसपास आकडा निरोगी समजतात. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत खालची मर्यादा दिलेली असेल, ती प्रमाण मानावी. मेकॅनिकने हा आकडा घेतला होता का, हे त्यांना अवश्य विचारा. आकडा न घेता रिंगा गेल्याचे सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो, आणि त्या अंदाजाचा खर्च आपल्याला सोसावा लागतो.

लासलगावकर

फिटरभाऊंनी खूप सविस्तर लिहिले आहे, पण आमच्याकडे सोपा उपाय आहे. थंडीत डिझेल गोठते, म्हणून टाकीत थोडे केरोसीन मिसळावे आणि सकाळी एअर क्लीनरच्या तोंडात ईथरचा स्प्रे मारावा. ट्रॅक्टर लगेच सुरू होतो. वर्षानुवर्षे लोक असेच करत आले आहेत.

सातारचे सुभेदार, निवृत्त

लासलगावकर साहेबांच्या सूचनेवर थोडे लिहिणे गरजेचे वाटते, कारण लेहमध्ये गाड्यांच्या ताफ्यावर माझी नोकरी झाली आहे आणि गोठलेले डिझेल कसे दिसते ते मी जवळून पाहिले आहे.

डिझेल पाण्यासारखे एका ठराविक अंशावर गोठत नाही. त्यात मेणाचा अंश असतो. थंडी वाढली की प्रथम डिझेल गढूळ दिसू लागते, मग मेणाचे बारीक कण फिल्टरच्या कागदावर साचतात आणि अखेरीस ते वाहतच नाही. आपल्याकडच्या भारतीय मानकात हिवाळी डिझेल फिल्टरमधून जाण्याची मर्यादा ६ अंश आहे आणि उन्हाळी डिझेलची १८ अंश. वाहणे थांबण्याच्या अंशाची मर्यादा हिवाळ्यासाठी ३ आणि उन्हाळ्यासाठी १५ आहे. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात पंपावर येणारे डिझेल बहुधा याहून बरे असते. तरीही बागायतदारांनी उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या बॅरलमधले डिझेल जानेवारीत वापरले, तर पाच अंशांच्या पहाटे त्यात मेण येणे अगदीच अशक्य म्हणता येणार नाही. शंका असेल तर त्याच डिझेलची एक पारदर्शक बाटली रात्रभर ट्रॅक्टरच्या चाकाशी ठेवावी आणि उजाडताच उजेडात धरून पाहावी. डिझेल नितळ असेल तर तो संशय तेथेच संपतो.

मेणाचे लक्षण मात्र वेगळे असते. नळ्यांत आणि पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होते, दोन-चार मिनिटे चालते आणि फिल्टर तुंबला की दम लागल्यासारखे होऊन बंद पडते. प्रश्नकर्त्यांचे इंजिन याच्या उलट वागते. ते सुरू व्हायलाच त्रास देते आणि एकदा सुरू झाले की चालत राहते. त्यामुळे त्यांच्या तक्रारीत डिझेल निर्दोष दिसते.

लेहची गोष्ट निराळी आहे. तेथे पारा उणे २० च्याही खाली जातो, आणि साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांशच असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबायला मुळात हवाच कमी मिळते. आम्ही रात्री बॅटऱ्या काढून बुखारीच्या (शेगडीच्या) खोलीत ठेवत असू आणि काही गाड्या ठराविक अंतराने सुरू करून तापत्या ठेवत असू. पुढे २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. त्या मुलखातले उपाय निफाडला आणण्याचे कारण नाही.

केरोसीनबद्दल एवढेच सांगतो, की डिझेल पंपाचे आणि नोझलचे वंगण डिझेलच असते आणि केरोसीन ते वंगण पातळ करते. सकाळच्या दहा मिनिटांसाठी पंपाचे आयुष्य कमी करणे परवडणारे नाही.

पिंपळगावचा फिटर

सुभेदार साहेबांशी पूर्ण सहमत आहे. ईथरचे मात्र मी अधिक कठोरपणे सांगतो. ईथर १६० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेते आणि ग्लो प्लगचे टोक तर लालभडक तापलेले असते. प्लग असलेल्या इंजिनात ईथर मारले तर पिस्टन वर पोहोचण्याच्या कितीतरी आधी स्फोट होतो आणि तो पिस्टनला उलटा हाणतो. रिंगांच्या मधल्या कडा तुटलेले पिस्टन मी कामाच्या टेबलावर पाहिले आहेत. आधी ईथर मारायचे आणि मग रिंगा गेल्या म्हणून इंजिन खोलायचे, हा क्रम आमच्या भागात नवा नाही. ज्यांना ईथरशिवाय सकाळच होत नाही, त्यांच्या इंजिनाला त्या स्प्रेची सवय लागलेली नसते, तर त्याचे कॉम्प्रेशन हळूहळू जात असते.

काकड्याचेही तसेच आहे. ऑइल-बाथ एअर क्लीनरच्या तोंडाशी ज्वाळा धरली की आत तेल पेटण्याची भीती असते. त्यात द्राक्षबागेत शेजारीच औषधांचे डबे आणि कोरडा पालापाचोळा असतो. गरम पाण्याचा उपाय त्या मानाने निर्धोक आहे. पोत्याचा तुकडा गरम पाण्यात बुडवून पिळावा आणि इनटेकच्या पाइपावर गुंडाळावा, किंवा रेडिएटर रिकामा केलेला असेल तर त्यात कोमट पाणी भरावे. उकळते पाणी गार हेडवर थेट ओतू नये, तडा जातो.

बॅटरीवाले, सिन्नर

प्रश्नकर्त्यांनी नवी बॅटरी घेतली, पण तिची ताकद स्टार्टरपर्यंत पोहोचते का, हे कोणी पाहिलेले दिसत नाही. दुकानात महिन्याला निदान एक गिऱ्हाईक असे येते, की ज्याची बॅटरी ठणठणीत असते आणि दोष एका अर्थिंगच्या पट्टीत असतो.

थंडीत बॅटरीची रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाला तिची सेल्फ फिरवण्याची क्षमता साधारण एक तृतीयांशाने घटते, आणि नेमक्या त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन अधिक जोर मागते. रात्रभर विश्रांती घेतलेली, पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि १२.२ दाखवत असेल तर ती निम्मी रिकामी समजावी. इंजिन फिरत असताना बॅटरीच्या टोकांवर ९.६ च्या खाली व्होल्टेज जाऊ नये, डिझेलला तर १० च्या वर राहिलेले बरे.

यानंतर एक तपासणी अवश्य करा, तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर शिशाच्या खुंटावरच धरा, आणि दुसरे टोक इंजिन ब्लॉकच्या एखाद्या घासून साफ केलेल्या बोल्टवर धरा. सेल्फ मारत असताना तेथे ०.२ किंवा ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. जास्त दिसले तर तेवढे व्होल्टेज गंजलेल्या जोडातच जिरते आहे. फवारणीच्या ट्रॅक्टरवर औषधांचे तुषार बसून जोड फार लवकर हिरवे-पांढरे होतात. अर्थिंगची पट्टी सोडा, दोन्ही बाजू सँडपेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

इंजिन ऑइल कोणते आहे, हेही कळवावे. जुन्या ट्रॅक्टरांत काही जण अजूनही सिंगल ग्रेड ४० नंबरचे तेल टाकतात. उन्हाळ्यात ते ठीक असते, पण पाच अंशांवर ते मधासारखे होते. १५डब्ल्यू-४० तेल त्याच तापमानाला साधारण निम्मेच घट्ट असते. आणि सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबून ठेवावा, म्हणजे गिअर पेटीतले गारठलेले तेल घुसळण्याचा भार स्टार्टरवर पडत नाही. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर बॅटरीच्या जोडीला स्टार्टरही जळेल.

चांदवडचा शेतकरी

माझी तक्रार थोडी वेगळी आहे, पण थंडीचीच आहे, म्हणून येथेच विचारतो. माझा ट्रॅक्टर मोठा, ४५ अश्वशक्तीचा आहे आणि त्याला हीटर नाही. थंडीत सेल्फ जोरात फिरतो, पण धुराड्यातून धूर अजिबात येत नाही. फीड पंपाचा हात मारूनही काही उपयोग होत नाही. बऱ्याच वेळाने इंजिन अचानक सुरू होते आणि मग उत्तम चालते.

पिंपळगावचा फिटर

चांदवडकर भाऊ, धूर नाही म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे आपला रस्ता पूर्णपणे वेगळा आहे. इंजिन बंद करण्याचा दांडा ओढल्यानंतर तो पूर्णपणे आत परत जातो का, हे सर्वप्रथम पाहा. त्याच्या केबलमधले जुने ग्रीस थंडीत घट्ट होते, बाहेरून दांडा बसलेला दिसतो, पण पंपावरचा लिव्हर अर्ध्यावरच अडकलेला असतो आणि पंप डिझेल सोडत नाही. बॉनेट उघडा आणि पंपावरचा तो लिव्हर बोटाने पूर्ण मागे ढकलून सेल्फ मारा. लगेच धूर दिसला तर केबल बदलणे एवढेच काम आहे. तरीही धूर दिसला नाही, तर रात्रीतून डिझेल मागे उतरत असेल. फीड पंपाच्या झडपा आणि फिल्टरवरचे वॉशर तपासावेत. आपल्या ट्रॅक्टरची टाकी इंजिनाच्या वर असेल, तर त्या नळ्यांत हवा शिरण्याऐवजी डिझेल बाहेर झिरपते आणि ओला डाग दिसतो. डाग कोठेच नसेल, तर केबलवरचा संशय आणखी बळावतो.

उगावचा बागायतदार

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमापे घेतली, ती देतो.

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.३. अर्थिंगच्या जोडावर ०.६ होते. पट्टी सोडली तर खालचा सगळा भाग निळसर-पांढऱ्या भुकटीने भरलेला होता. घासून आवळल्यावर तेथे ०.१ दिसते आणि सेल्फचा आवाज कानाला कळेल इतका मोकळा झाला आहे. ऑइलच्या डब्यावर सिंगल ग्रेड ४० असेच लिहिलेले आहे, तेव्हा बॅटरीवाल्यांचा अंदाज बरोबर निघाला. ते बदलून १५डब्ल्यू-४० भरले.

हीटर लावल्यावर बॅटरीवर १२.१ आणि प्लगच्या पट्टीवर मात्र ८.७ व्होल्ट मिळाले. पट्टी काढून पाहिले तर पहिला प्लग १.१ ओहम दाखवतो, दुसरा आणि तिसरा काहीच दाखवत नाहीत. इंजिन कोमट करून तिन्ही प्लग काढले. तिसऱ्याचे टोक फुगून चिरलेले होते. प्लगच्या छिद्रांतून पंपवाल्याकडून कॉम्प्रेशन मोजून घेतले, ते २९, २७ आणि २८ बार आले. पुस्तिकेत खालची मर्यादा २२ च्या जवळ दिली आहे. म्हणजे इंजिन खोलण्याची गरज नाही, असे मी समजू का? आणि तीन नवे प्लग बसवले की काम झाले का?

पिंपळगावचा फिटर

कॉम्प्रेशनचे आकडे उत्तम आहेत आणि तिन्ही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत. इंजिन खोलू नका. मेकॅनिकना हे तीन आकडे दाखवावेत.

तीन प्लग बसवले की काम झाले का, या प्रश्नाचे उत्तर मात्र नाही असे आहे, आणि याचे कारण आपल्याच आकड्यांत आहे. पट्टीवर ८.७ व्होल्ट मिळाले तेव्हा तीनपैकी एकच प्लग वीज घेत होता. एवढ्या कमी भारावरही बॅटरी आणि पट्टी यांच्यामध्ये ३.४ व्होल्ट नाहीसे होत आहेत. आपल्या ट्रॅक्टरमध्ये हीटरची सगळी वीज किल्लीतून जाते आणि किल्लीच्या आतले संपर्क पंधरा वर्षांत जळून खडबडीत झाले असणार. उद्या तीन चांगले प्लग बसवले की भार तिप्पट होईल, किल्लीतली घट आणखी वाढेल आणि पट्टीवर सहा व्होल्टच्या आसपासच उरतील. प्लगची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ११.५ व्होल्टला मिळणाऱ्या उष्णतेच्या मानाने सहा व्होल्टला जेमतेम चौथा हिस्सा मिळतो. नवे प्लग नुसते कोमट होतील आणि आपण म्हणाल की प्लग बदलूनही फरक पडला नाही.

म्हणून प्लगांबरोबर एक ४० अँपिअरचा चार टोकांचा रिले (थोड्या विजेवर मोठी वीज चालू करणारा स्विच) बसवून घ्या. किल्लीवरून हीटरकडे जाणारी जुनी वायर काढून ती रिलेच्या गुंडाळीच्या एका टोकाला द्यावी आणि गुंडाळीचे दुसरे टोक अर्थला जोडावे. बॅटरीच्या धन टोकावरून ४० अँपिअरचा फ्यूज घालून ६ चौरस मिलिमीटरची नवी वायर रिलेपर्यंत आणावी आणि तेथून तशीच वायर प्लगच्या पट्टीपर्यंत न्यावी. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ असेल तितके चांगले. मग किल्लीतून फक्त रिले ओढण्यापुरती वीज जाईल आणि प्लगांची वीज थेट बॅटरीतून येईल. रिले ब्लोअरच्या तुषारांपासून दूर, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला बसवावा.

प्लग घेताना पुस्तिकेतला क्रमांक आणि व्होल्टेज जुळवून घ्या आणि तिन्ही एकाच जातीचे घ्या. बसवण्याआधी छिद्रांतली काजळी साफ करा. जुन्या पद्धतीचे प्लग तापायला पाच अंशांवर पंधरा-वीस सेकंद लागतात, आपण पाच-सहाच सेकंद देत होता. लवकर तापणारे प्लग असतील तर मात्र पुस्तिकेतल्या वेळेपेक्षा जास्त धरू नका, त्यांची टोके जळतात. चिरलेल्या टोकाचा तुकडा आत पडलेला नाही ना, याची खात्री तिसरा जुना प्लग नव्याशेजारी धरून, लांबी जुळवून करून घ्या. तुकडा आत राहिल्याची शंका असेल तर सेल्फ मारू नका, आधी मला कळवा.

उगावचा बागायतदार

तुकडा पडलेला नाही, लांबी तंतोतंत जुळली. आपण सांगितल्याप्रमाणे रिले, फ्यूज आणि नव्या वायरी वायरमनकडून बसवून घेतल्या. तीन नवे प्लग चालू असताना पट्टीवर आता ११.३ व्होल्ट मिळतात. आज पहाटे पारा सहाच्या आसपास असावा, बागेत दव पडलेले होते. हीटर पंधरा सेकंद धरला, क्लच दाबला आणि इंजिन तीन-चार फेऱ्यांतच लागले. थरथर नाही. सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला आणि दहाएक सेकंदांत निवळला. तेवढा धूर चालेल का?

पिंपळगावचा फिटर

चालेल. गार इंजिनात पहिल्या काही सेकंदांत डिझेल पूर्ण जळत नाही, तेवढा धूर नव्या इंजिनालाही येतो. सुरू झाल्यावर लगेच ब्लोअर जोडू नका, मध्यम गतीवर तीन-चार मिनिटे चालू द्या. तिसऱ्या प्लगच्या नोझलचा फवारा मात्र हंगाम संपल्यावर एकदा पुन्हा तपासून घ्या. टोक फुगून चिरण्याचे कारण कधीकधी थेंब टाकणारे नोझल असते, आणि ते तसेच राहिले तर नवा प्लगही पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकणार नाही.